भिंतीचं इरलं

माझ्या सासरी भिंतीला इरलं घालायची रीत होती. लग्न होऊन त्या घरात गेले आणि हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला इतकं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबून मी परसात पळाले. इरलं म्हणजे भातलावणीच्या वेळी बाया पाठीवर घेतात ते पानांचं टोपडं. माणसाला ते ठीक आहे. पण भिंतीला? भिंतीला काय पडसं होतं?

मी माणदेशातली. आमच्याकडं पाऊस वर्षातून चार वेळा तोंड दाखवणार, त्यात दोनदा नुसता गडगडून जाणार. घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. खाली लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर तुडवून बसवलेली माती आणि सगळ्यात वर चोपणाचा थर. चोपण ही गावाबाहेरच्या खारवट पट्ट्यातली पांढुरकी माती. तिच्यात गवताची काडी उगवत नाही, पण पाण्याचा थेंब ती खाली जाऊ देत नाही. माझा बा धाबी घालण्यात पटाईत होता. कुणाचं घर गळलं की बाला बोलावणं यायचं आणि बा मला बरोबर न्यायचा, कारण चोपण तुडवायला हलक्या पायाचं माणूस लागतं. आठव्या वर्षापासून मी लोकांच्या घरांवर नाचलेय. धाबं गळलं की पाटीभर चोपण टाकायचं, पुढच्या पावसात ते आपलं आपण बसतं. इतकी साधी गोष्ट. मला वाटायचं, जगात पाण्यावर हाच एक इलाज आहे आणि तो आमच्या घराला ठाऊक आहे.

आणि मला दिलं कुठं? तर कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्याही वर, जिथं मिरगाला सुरू झालेला पाऊस दसरा आला तरी जायचं नाव घेत नाही. माझा मामा आणि आमचे हे एकाच पलटणीत. मामानं तिकडंच बोलणी पक्की केली. लढाई चालू होती. रजा जेमतेम वीस दिवसांची मिळाली, त्यातच लग्न झालं आणि हळदीचे हात घेऊन मी त्या घरात शिरले. घरात माणसं दोनच. हे आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. सासूबाई कधीच्या गेल्या होत्या.

घर सांगते, कारण घर कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुढं सोपा, त्यावर सामानाचा माळा. मागं माजघर, उंच मातीच्या भिंतींचं, वर कौलं. माजघराच्या एका भिंतीला बाहेरून टेकवून मामंजींनी एक बुटकी पडवी काढली होती आणि तिच्यात चूल घातली होती. म्हणजे भिंत एकच. तिच्या बाहेरच्या अंगाला चूल आणि आतल्या अंगाला मामंजींची खाट. मामंजींना दमा. पावसाळ्यात छाती नुसती भात्यासारखी वाजायची. त्या भिंतीला चुलीची ऊब असायची, म्हणून बारा महिने त्यांची खाट तिला चिकटलेली.

घोळ होता तो वर. पडवीचं छप्पर जिथं त्या उंच भिंतीला टेकत होतं, तिथं एक लांब सांधा होता, साडेसात हातांचा. आडवा पाऊस वरच्या भिंतीवर मारायचा आणि पाणी भिंतीवरून ओघळून नेमकं त्या सांध्यात शिरायचं. एकदा का सांध्यातून पाणी भिंतीच्या पोटात गेलं, की मातीच्या भिंतीचं काय होणार हे सांगायला नको.

रजा संपायच्या आदल्या दिवशी ह्यांनी मला पडवीत नेऊन तो सांधा बोटानं दाखवला. म्हणाले, “आबा हिथनं हालायचा न्हाई. त्येला दुसरीकडं झोप लागत न्हाई. तवा ही भित कोरडी ऱ्हायली पायजे. बाकी काय बी हू दे. मी येताना पत्रा आणतो, सांध्यावर ठोकला की जलमाची कटकट गेली.” त्या वेळी बाजारात पत्रा औषधालाही मिळत नव्हता, सगळा लढाईवर जात होता. मी म्हटलं, “आवं, तुमी निवांत जावा. भित माझ्यावर सोपवा.” असं म्हणाले मी. हसत म्हणाले.

पहिला पावसाळा मी नुसता बघितला. मामंजी शिमगा झाला की अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडून आणायचे, म्हणजे कीड लागत नाही. मग परसात बसून कोयत्यानं ते उभे चिरायचे, आतल्या गाठी काढायच्या आणि पन्हळी तयार करायच्या. पाऊस तोंडावर आला की त्या पन्हळी सांध्यात उताराला बसवायच्या, आणि वरच्या भिंतीवर गवताचं जाड पांघरूण बांधायचं, त्याची टोकं पन्हळीत सोडायची. हे झालं भिंतीचं इरलं. पाणी गवतावरून पन्हळीत आणि पन्हळीतून परसात. दरसाल गवत कुजायचं, पन्हळी सडायच्या, दरसाल नवं करायचं. त्या कुजक्या गवताचा वास, त्यात गोगलगायी, पन्हळीतून दिवसभर टपटप. मला शिसारी यायची. हे काय घर म्हणायचं की गोठा?

त्या काळी सून सासऱ्यासमोर तोंड वर करत नसे. मी करायची. माझी जीभ लहानपणापासूनच जागेवर नाही. एक दिवस म्हणालेच, “मामंजी, आमच्यात येकदा चोपण टाकलं की धा वर्सं वर बघायला लागत न्हाई.”

मामंजी विडी विझवत म्हणाले, “तुमच्यात पाऊस पडतो का पर?”

आणि हसले. हसता हसता खोकले. वाईट मनानं नव्हे, माणूस लोण्याचा होता. सुनेला कधी वाकडा शब्द बोलला नाही, भाकरी करपली तर ‘खरपूस झालीया’ म्हणून खायचा. पण शेजारी माझी चुलत जाऊ उभी होती, तीही हसली, आणि मला ते झोंबलं. माहेराला नावं ठेवलेली कुठल्या बाईला खपतात? मी मनात म्हटलं, थांबा, दाखवतेच तुम्हाला.

पुढच्या उन्हाळ्यात आखितीला माहेरी गेले आणि येताना दोन पोती चोपण बांधून घेतलं. बा म्हणाला, “पोरी, तिकडचा पाऊस म्या बघितला न्हाई. जपून बग.” मी म्हटलं, “बा, पानी त्ये पानी. हितलं वलं आन् तितलं कोरडं असतंय व्हय?” बानं मग पोत्यांची तोंडं शिवून दिली.

कऱ्हाडापर्यंत मोटार होती. पेट्रोल नव्हतं म्हणून तेव्हा मोटारी कोळशावर चालायच्या, मागं ही मोठी भट्टी बांधलेली, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. क्लीनर माझं पोतं टपावर चढवताना घामाघूम झाला. “बाई, हाय काय ह्यात?”

“माती.”

“माती? कऱ्हाडाकडची माती सरली व्हय?” सगळी मोटार हसायला लागली.

मी म्हटलं, “तुमची मोटार कोळसा खातीया त्ये चालतं, आन् मी माती नेली की दात काढताय व्हय रं?” मग सगळे माझ्या बाजूनं हसले. सबंध वाटेत मी त्या पोत्यांची काळजी दागिन्यांसारखी घेतली. कऱ्हाडापासून पुढं बैलगाडीत त्यांच्यावर बसूनच आले.

मामंजींनी चिमूटभर चोपण उचलून जिभेवर ठेवलं. “खारट हाय,” म्हणाले. मग बोटं धोतराला पुसत म्हणाले, “पोरी, तुमच्यात पानी पाव्हनं हाय. येतं, च्या पितं, जातं. हितं त्ये घरजावई हाय. जायाचंच न्हाई. त्याला अडवून भागत न्हाई, आपली वाट करून द्यायची.”

मी म्हटलं, “बघा तर खरं, मामंजी.”

त्या वर्षी त्यांची छाती फार भरली होती. तरी शिमग्यानंतर त्यांनी बांबू चिरले होतेच. एरवीचं दोन दिवसांचं काम, त्यांना आठ दिवस लागले. एक घाव घालायचा आणि कोयता मांडीवर ठेवून दम खायचा. मी म्हणायची राहू द्या, तर म्हणायचे, “पोरगं लांब हाय, तवर भिताडाला बघाया पायजे.” सात पन्हळी झाल्या. माझी माती बघितल्यावरही त्यांनी त्या मोडीत काढल्या नाहीत. एकेक करून मला सोप्यातल्या माळ्यावर ठेवायला लावल्या. “कर तुझ्या मनासारखं. पर ह्या वर असू देत. नडलं तर काड.”

नडलं तर! मला त्या शब्दाचासुद्धा राग आला.

तीन दिवस मी शिडीवर होते. कासोटा खोचून, सांधा साफ करून, चोपण भिजवून, थरावर थर दिला आणि धुण्याच्या धोपाटण्यानं बडवून बडवून गुळगुळीत केला. भिंतीला धरून असा वीतभर उंच बांध केला की बानं बघितला असता तर पाठ थोपटली असती. गवत नाही, बांबू नाही, टपटप नाही. पाऊस लागला. पहिले पंधरा-वीस दिवस भिंत आतून ठणठणीत कोरडी. बाया बघायला येऊ लागल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी त्यांचा हात धरून भिंतीला लावायची. जाऊबाई म्हणाली, “व्हय गं बया, कोरडी हाय की.” मामंजीसुद्धा म्हणाले, “हाय बाबा, माणदेशी डोकं हाय.” मी त्या दिवशी हवेतच होते.

मी चौथीपर्यंत शिकलेली. ह्यांना पत्रं मीच लिहायची, मामंजी सांगतील तशी आणि खाली माझ्या दोन ओळी. त्या आठवड्यातल्या पत्रात मी खाली लिहिलं, की भिंत अगदी कोरडी आहे, आता पत्रा नाही आणला तरी चालेल.

मग आषाढाची झड लागली. सूर्य म्हणून दिसेना. सरपण ओलं झालं, चूल पेटेना, पडवीत नुसता धूर. मामंजींची धाप वाढली, त्यांना दिवसातून चार वेळा आल्या-तुळशीचा काढा लागायचा. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. एका सकाळी फुंकणी फेकली आणि सरळ माळ्यावर चढले. वर सात पन्हळी. कोरड्या खडखडीत. आता काय त्यांचा उपयोग? एक खाली ओढली.

बांबू चुलीत घालू नये म्हणतात. तो तिरडीला लागतो, चुलीला नाही. मला माहीत होतं. पण चिरलेला बांबू म्हणजे काय अख्खा बांबू आहे का, असा मी आपल्या सोयीचा वकिली मुद्दा काढला. चिरलेला असल्यामुळं तो फुटला नाही, आवाज झाला नाही. झकास पेटला. भिंतीपलीकडं मामंजी खाटेवर पडले होते, त्यांना काही कळलं नाही. काढा उकळला, त्यांना दिला. पिऊन म्हणाले, “आज बरा कडक झालाय.” दहा-बारा दिवसांत सातही पन्हळी गेल्या. त्यांनीच आठ दिवस धापा टाकत चिरलेल्या, आणि त्यावरच मी त्यांचा काढा केला.

शेवटची पन्हळ जाळली त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामंजींनी मला हाक मारली. हात भिंतीवर ठेवलेला. “पोरी, भिताडाला घाम आलाय.”

मी हात लावला. भिंत थंड होती. चुलीची भिंत आणि थंड! बोट दाबलं तर सारवणाखाली माती मऊ लागली. मी बाहेर येऊन शिडी लावली आणि बघितलं. आमच्याकडं चोपणावर पाऊस पडतो आणि मग महिनाभर ऊन पडतं. इथं ऊन नव्हतंच. माझा तो गुळगुळीत बांध भिजून लोण्यासारखा झाला होता आणि जागच्या जागी घसरून सांध्यात बसला होता. आणि त्याच्या मागं, भिंतीच्या अंगाला, पाणी साठलं होतं. मी पाणी बाहेर अडवलं नव्हतं. मी ते भिंतीला बांधून दिलं होतं.

खाली आले तर मामंजी म्हणाले, “माळ्यावरच्या पन्हळी काड. जाऊच्या मालकाला बोलाव, त्यो बसवंल. अजून टाईम हाय.”

अजून वेळ होता, हे खरंच होतं. मी तेव्हा फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मामंजी, पन्हळी मी जाळल्या. ते रागावले असते का? मुळीच नाही. “बरं झालं, काढा गरम मिळाला,” असलं काहीतरी म्हणाले असते आणि चुलत दिरांना ओला बांबू तोडायला पिटाळलं असतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला भिंतीची भीती वाटली नाही, लाज वाटली. गाव हसेल, जाऊबाई हसेल, मोटारीतला क्लीनरसुद्धा कुठून तरी हसेल. मी म्हटलं, “लावनीची घाई चाललीया, मामंजी. उद्या बोलावते.”

“उद्या बोलाव,” ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्या दिवशी मी काय केलं, तर पोत्यात उरलेलं दोन पाट्या चोपण होतं ते भिजवून सांध्यावर आणखी थापलं. गळलं की टाक चोपण! माझ्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. ओल्या भिंतीवर मी आणखी ओझं चढवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर बरं झालं असतं.

खाट हलवावी असं मनात आलं. आलं नाही असं नाही. पण खाट हलवायची म्हणजे भिंत गेली हे कबूल करायचं. मी खाट फक्त वीतभर पुढं ओढली आणि म्हटलं, सारवायचंय. मामंजी म्हणाले, “वलं भिताड कोन सारवतं?” आणि माझ्याकडं नीट बघितलं. मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा सुनेसारखी मान खाली घातली.

तो उद्या आला. सकाळी त्यांनी परत विचारलं, “पन्हळी काडल्यास?” मी म्हटलं, “आज तेवढी लावनी उरकू दे, सांजच्याला बोलावते.” आणि इरलं घेऊन शेतावर गेले. माझ्या अंगावर इरलं होतं. दुपारी चिखलात वाकले होते तेव्हा गावाकडून धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता. भिजलेली भिंत पडताना मोठा आवाज होतच नाही. शेजारची बाई म्हणाली, “कुनाची तरी बसली वाटतं.” मी मात्र तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ टाकून धावत सुटले.

भिंत आत पडली होती. पडवीचं छप्पर तिच्यावर लोळत होतं. चुलत दीर आणि आणखी चौघं फावड्यानं माती ओढत होते. खाटेचा पाय आधी दिसला. मामंजींना काढलं तेव्हा त्यांचं तोंड मातीनं भरलं होतं, आणि त्यात पांढुरके गोळे होते. ते चोपण होतं. ते मी ओळखलं, आणखी कुणी ओळखलं नाही. मीच पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

तिरडीला बांबू लागले. चुलत दीर पावसातच गेले आणि घटकाभरात ओले बांबू तोडून घेऊन आले. घटकाभराचं काम होतं. मी ते बांबू अंगणात पडलेले बघितले आणि मग ऊर फाटल्यासारखी ओरडले. बाया म्हणाल्या, सासऱ्यावर लय जीव हुता.

तिसऱ्या दिवशी जाऊबाई भाकरी घेऊन आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “पन्हळी लावल्याच न्हाईस व्हय गं?” मामंजींना आठ दिवस बांबू चिरताना तिनं बघितलं होतं. मी भाकरीवरचं फडकं सारखं केलं. तिनं उघड्यावर पडलेल्या चुलीतल्या भिजक्या राखेकडं बघितलं, मग माझ्याकडं. “खा दोन घास,” म्हणाली आणि गेली. परत कधी विचारलं नाही.

ह्यांना कळवायचं कुणी? लिहिता येणारी मीच. कार्डावर लिहिलं, आबा गेले, पावसानं भिंत पडली, क्रियाकर्म गावकीनं नीट केलं. तीन ओळी. खाली अर्धं कार्ड कोरं होतं. त्या कोऱ्या जागेकडं मी बराच वेळ बघत बसले आणि मग तसंच पोस्टात टाकलं.

लढाई संपल्यावर हे आले. खांद्यावर ट्रंक आणि काखेत गुंडाळलेला पत्रा. कुठल्याशा डेपोतून मागून घेतलेला, साडेसात हात, बरोबर मापाचा. आगगाडीत, मोटारीत, दोन दिवस हातात धरून आणला होता. कडांनी तळवे कापले होते. मी लिहिलं होतं की आणला नाही तरी चालेल. तरी आणला. आणि कार्ड पोचल्यावरसुद्धा टाकून दिला नाही.

गावकीनं भिंत नवी घातली होती. दुसऱ्याच दिवशी हे पत्रा ठोकायला शिडीवर चढले. बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. मी शिडी धरून उभी. जाऊबाई हंडा घेऊन परसातून चालली होती. पत्र्याखाली आधाराला म्हणून ह्यांना एक पन्हळ हवी होती. खाली उतरले, माळ्यावर जाऊन आले, हात झाडत म्हणाले, “वर येक बी पन्हळ न्हाई. आबा तर दरसाल करायचा. त्या साली केल्या न्हवत्या?”

जाऊबाई थांबली. मी शिडीकडं बघत म्हणाले, “न्हाई.”

जाऊबाईनं हंडा कमरेवर सारखा केला आणि ती निघून गेली. हे थोडा वेळ पत्र्यावर हात फिरवत उभे राहिले. म्हणाले, “थकला हुता म्हातारा.” आणि ठोकायला लागले.

त्यानंतर चाळीसएक वर्षं संसार झाला. पोरं झाली, घरं बदलली, ते गाव सुटलं, आम्ही साताऱ्याला आलो, डोक्यावर स्लॅब आला. हे माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. पण पाऊस लागला की ह्यांना आबा आठवायचा आणि मग पोरांना, सुनांना, कुणीही आलं तरी हे सांगायचेच, की आमचा आबा सोन्यासारखा माणूस, पण शेवटच्या साली आळसावला, पन्हळी केल्या नाहीत, म्हणून भिंतीखाली गेला. प्रत्येक वेळी मी उठून आत जायची. किती वेळा वाटलं, आज सांगते. पण पहिल्या दिवशी जे सांगितलं नाही ते पाचव्या वर्षी कसं सांगायचं, आणि पाचव्या वर्षी नाही तर विसाव्या वर्षी कसं? जाऊबाई गेली. बा गेला. मामंजींच्या नावाला तो आळस असा चिकटला की नातवंडांतसुद्धा कुणी काम टाळलं की ‘पणजोबावर गेलाय’ म्हणायची टूम निघाली. दम्यानं धापा टाकत आठ दिवस कोयता चालवणाऱ्या माणसावर!

हे गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. अंथरुणाला खिळले होते, मी उशाशी बसून चमच्यानं पेज भरवत होते. थोरला समोर होता. बाहेर पाऊस. ह्यांनी वर छताकडं आणि भिंतीकडं बघितलं, कोपऱ्यात जरा ओल दिसत होती. थोरल्याला म्हणाले, “पाण्याच्या जागंकडं ध्यान ठिवत जा रं. आमच्या आबानं येक साल आळस केला, बग.” थोरल्यानं मान हलवली. मग हे माझ्याकडं वळले. “व्हय का न्हाई गं? तू तर हुतीस तिथं.”

मी चमचा पुढं केला. म्हटलं, “पेज गार होतीया.”